दोन मिनिटं वीस सेकंद

१

माणूस मेला मंगळवारी दुपारी, आणि त्याचा मारेकरी सापडला बुधवारी सकाळी, व्यवस्थापकांच्या चार पानी अहवालात. तिसऱ्या पानावर जाड अक्षरांत ओळ होती: 'इंटरनेटचा वेग अपुरा असल्यामुळे रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन तज्ज्ञांपर्यंत वेळेत पोहोचू शकला नाही.'

नेटबाईने ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळात तिला सगळे नेटबाईच म्हणत. तीन मजले, एकशे साठ यंत्रं आणि भिंतींमधून गेलेली प्रत्येक वायर अकरा वर्षं तिच्या जिवावर चालली होती. सगळं सुरळीत असलं की तिची कुणाला आठवण नसायची. काही अडलं की खापर फोडायला तिचं डोकं तयारच होतं.

"लाईन स्लो होती म्हणे!" ती फोनवर लाईनवाल्या कंपनीच्या माणसावर ओरडत होती. "काल माझी लाईन पडली होती का? हो की नाही ते सांगा!"

तेवढ्यात शिपाईकाका फिरती फाईल घेऊन आले. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक परिपत्रक या फाईलीत लागायचं आणि वरून खाली फिरायचं. आधी व्यवस्थापक, मग मोठे डॉक्टर, मग ज्याचं काम असेल ते खातं, आणि सगळ्यात शेवटी नेटबाई. 'पाहिले' या शब्दासमोर जो तो सही करायचा. तिने फोन खांद्यात धरला, सात कागदांवर सात सह्या केल्या आणि फाईल काकांच्या हातात कोंबली. पलीकडचा माणूस सांगत होता की काल दिवसभरात लाईन एकदाही पडली नव्हती.

फोन ठेवते तर दारात अक्का उभी होती. अक्का वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. मेलेला माणूस तिचा धाकटा भाऊ. रंगारी होता, काम करताना शिडीवरून पडला होता. अक्काच्या हातात तोच अहवाल होता.

"तुझ्या वायरीने माझा भाऊ मारला," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला.

"अक्का, लाईन चालू होती. शपथेवर सांगते."

"मला शपथ नको. पाच वाजता हे कागद चौकशी समितीकडे जाणारेत. खाली लिहिलंय, 'नातेवाइकांना मान्य'. तिथे माझी सही हवीये त्यांना. करू का? तूच सांग."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"पाचच्या आत सांगते," नेटबाई म्हणाली. "तोवर पेनला हात लावू नकोस."

२

तिने दार लावून घेतलं आणि कागद पुढ्यात ओढला.

अहवाल म्हणत होता की स्कॅन साडेअकराला निघाला आणि दोन वाजून सात मिनिटांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात पोहोचला. तिथले मेंदूचे सर्जन फोनवर एकच सांगत राहिले होते, 'स्कॅन बघितल्याशिवाय पेशंटला गाडीत घालू नका.' आणि बघितल्यावर म्हणाले होते, 'बारापर्यंत दिसलं असतं तर आणा म्हटलं असतं. आता उपयोग नाही.'

फाईल सातशे मेगाबाइटची. लाईनचा वेग मात्र बिटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सातशेला आठने गुणायचं, छप्पन्नशे मेगाबिट. लोक या आठला हमखास विसरतात आणि मग नेटबाईच्या नावाने खडे फोडतात. इस्पितळातून बाहेर पाठवायचा वेग सेकंदाला चाळीस मेगाबिट. छप्पन्नशे भागिले चाळीस, एकशे चाळीस सेकंद.

दोन मिनिटं वीस सेकंद! त्यासाठी अडीच तासांहून जास्त?

अहवालाला पुरावा म्हणून एक चित्र जोडलं होतं. वेग मोजणाऱ्या पानाचं, संगणकाच्या पडद्यावरून जसंच्या तसं उचललेलं. त्यावर वेग होता शून्य पूर्णांक सहा. तिने तोही हिशोब करून पाहिला. या वेगाने फाईल जायला दोन तास पस्तीस मिनिटं लागली असती. साडेअकराला निघालेली दोन वाजून पाचला पोहोचली असती. सगळं अगदी मापात बसत होतं, आणि इतकं मापात बसतं तिथे हटकून पाणी मुरतं हे तिला अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

मग तिने चित्राचा खालचा भाग पाहिला. तिथे बारीक अक्षरांत आकड्यांची एक ओळ होती. वेग मोजणारं पान ती नेहमीच दाखवतं, पण ती कुणी बघत नाही.

आत प्रत्येक यंत्राला नेटबाईने वेगळा पत्ता दिला होता. शेवटचे दोन आकडे म्हणजे मजला आणि खोली, त्यामुळे पत्ता वाचला की यंत्र कुठे बसलंय ते डोळे मिटून सांगता यायचं. पण बाहेरच्या जगासाठी अख्ख्या इमारतीचा पत्ता एकच. इस्पितळाने तो कायमचा घेतलेला होता आणि नेटबाईला तो स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होता.

चित्रातला पत्ता तो नव्हता. शेजारी कंपनीचं नाव होतं, तेही मोबाइल फोनच्या कंपनीचं. आणि अगदी कोपऱ्यात, घड्याळाच्या बाजूला, अर्धी भरलेली छोटी बॅटरी.

"अरे चोरा," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. इमारतीची लाईन मोजल्याचा हा पुरावा इमारतीच्या लाईनवर घेतलेलाच नव्हता.

३

टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. ती लॅपटॉपला असते, आणि इस्पितळाने लॅपटॉप दिले होते दोघांनाच, मोठ्या डॉक्टरांना आणि व्यवस्थापकांना.

मोठे डॉक्टर केबिनमध्ये होते. चेहऱ्यावर दोन दिवसांचा थकवा होता, पण नेटबाई आज कुणाची कीव करायच्या मनःस्थितीत नव्हती.

"काल दुपारी तुमचा लॅपटॉप कुठे होता?"

"हा काय, इथेच. याला कुठे नेणार? दावणीला बांधलाय." त्यांनी भिंतीतल्या वायरीकडे बोट केलं. "चार महिने झाले बॅटरी मेलीये. वायर काढली की मान टाकतो. तुलाच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं खरं. नेटबाईने चित्र पुन्हा पाहिलं. त्यातल्या बॅटरीजवळ वायरीची खूण नव्हती. तो लॅपटॉप मोकळा, नुसत्या बॅटरीवर चालत होता.

"मी पावणेदोनपर्यंत ऑपरेशनमध्ये होतो," डॉक्टर म्हणाले. "बाहेर आलो तर फोटोवाला दारात रडकुंडीला आलेला. म्हणाला स्कॅन अजून जातोय. मी व्यवस्थापकांना सांगितलं. बाकी मला माहीत नाही."

"अहवालावर तुमची सही आहे."

"असेल. आली असेल माझ्यापुढे."

"वाचला होता?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"न वाचता सही केलीत!" नेटबाईचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "माणूस मेलाय, डॉक्टर! त्याची बहीण खाली चादरी धुतेय. कागद आला की सही ठोकायची, हे काय हजेरीपुस्तक आहे?"

"आवाज खाली ठेव."

"नाही ठेवणार. काल सगळ्यांनी आवाज खाली ठेवला म्हणून हे झालं."

ती दार आपटून निघाली.

४

स्कॅन काढणाऱ्याला सगळे फोटोवाला म्हणत, कारण तो लोकांच्या डोक्यांच्या आतले फोटो काढायचा. त्याची खोली पहिल्या मजल्यावर चौदा नंबरची. भिंतींत शिसं भरलेलं, त्यामुळे आत पाऊल टाकलं की मोबाइलची रेंज जायची. घरून फोन आला तर फोटोवाल्याला व्हरांड्यात पळावं लागे. नेटबाईने आत जाऊन फोन पाहिला. एक दांडीसुद्धा नव्हती. म्हणजे मोबाइलच्या लाईनवरचं ते चित्र या खोलीतलंही नव्हतं.

"काल साडेअकराला बटण तूच दाबलंस?"

"हो, मीच. बाई, माझी काही चूक नाही हो."

"चूक कुणाची ते नंतर. पडद्यावर पट्टी येते ना, किती गेलं ते दाखवणारी? ती सरकत होती?"

फोटोवाल्याने मान हलवली. "नाही. नुसतं 'पाठवत आहे' येत होतं. पट्टी जागची हलली नाही."

"एवढीसुद्धा नाही?"

"एवढीसुद्धा नाही."

नेटबाई स्टुलावर बसली. घोडं इथेच पेंड खात होतं. लाईन संथ असती तर पट्टी रखडत का होईना सरकली असती. मुळीच हलली नाही याचा अर्थ फाईल इमारतीबाहेर पडलीच नव्हती.

तिने स्वतःचं यंत्र उघडून राउटरची कालची नोंद काढली. इमारतीत कोण, कधी, बाहेरच्या कुठल्या पत्त्याशी बोललं ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. पहिला मजला, खोली चौदा. अकरा तीसपासून बाहेरच्या एकाच पत्त्याचं दार वाजवलेलं. दर दहा सेकंदांनी टकटक. उत्तर नाही. पुन्हा टकटक. पानामागून पान तेच.

आणि मग दोन वाजून चार मिनिटं चाळीस सेकंदांनी पत्ता बदलला होता. नवीनच आकडे. तिथे पहिल्या हाकेला उत्तर आलं, सातशे मेगाबाइट गेले आणि बरोबर दोन वाजून सात मिनिटांनी काम संपलं.

दोन मिनिटं वीस सेकंद. तिच्या लाईनने आपलं काम एका सेकंदानेही चुकवलं नव्हतं.

"तू अडीच तास रिकाम्या घराचं दार वाजवत बसलास," ती हळू म्हणाली. "मोठ्या इस्पितळाने पत्ता बदललाय. वेबसाइटचा पत्ता बदलला तरी आपल्याला कळत नाही, कारण आपण नाव टाकतो आणि नावावरून नवे आकडे शोधणारी सोय मागे असते. तुझ्या यंत्रात आपण थेट आकडेच भरलेत. ते कुणीतरी हाताने बदलल्याशिवाय बदलत नाहीत. माझे वडील पोस्टमन होते. माणूस घर सोडून गेला की पत्र निदान परत यायचं. इथे तेवढीही सोय नाही."

फोटोवाला पांढराफटक पडला होता.

"मला का नाही बोलावलंस? मी जिन्यापलीकडे बसते! चाळीस पावलं!"

"आधी डॉक्टरांना सांगायचं असतं ना, बाई. परस्पर दुसऱ्या खात्यात गेलं की बोलणी बसतात. डॉक्टर आत होते. मला वाटलं स्लो आहे, जाईल. पूर्वी जायचं."

"दोन वाजून चार मिनिटांनी नवे आकडे कुणी भरले?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग नेटबाईकडे. मग खाली.

"व्यवस्थापक साहेब धावत आले. हातात एक पत्र होतं. त्यातले आकडे त्यांनी वाचले, मी भरले. म्हणाले, कुणाला बोलायचं नाही."

म्हणजे पत्र आलेलं होतं. मंगळवारच्या आधीच ते या इमारतीत होतं.

५

व्यवस्थापकांच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, वायर नाही, काही नाही. शेजारी मोबाइल. नेटबाईने चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परका पत्ता, बॅटरी, शिशाच्या भिंती, न हललेली पट्टी, दोन वाजून चार मिनिटं. सांगताना तिने टेबलावर तीनदा हात आपटला.

"मोबाइलची लाईन जोडलीत, रेंज जवळजवळ जाईल अशा जागी जाऊन बसलात आणि हवा तो आकडा येईपर्यंत मोजत राहिलात. दोन तास पस्तीस मिनिटांत बसणारा आकडा. डोकं चाललं तुमचं! हेच डोकं पत्र आलं त्या दिवशी का नाही चाललं?"

व्यवस्थापकांनी हात वर केले नाहीत की कानांवरही ठेवले नाहीत. त्यांनी उठून दार लावलं. हे तिला अपेक्षित नव्हतं.

"काढलं मी ते चित्र," ते म्हणाले. "तळघरातल्या जिन्याखाली बसून."

"आणि खापर माझ्यावर!"

"तुझ्यावर नाही, लाईनवर. लाईन कंपनीची. कंपनी चार ओळींचं उत्तर देईल, समिती फाईल बंद करेल, कुणाची नोकरी जाणार नाही. तुझीसुद्धा."

"माझी? माझी कशाला जाईल? पत्र तुम्ही दाबून ठेवलंत!"

"दाबलं नाही." व्यवस्थापकांनी खण उघडला. "मीही ते वाचलं नव्हतं. आलं तसं फाईलीत लावलं. काल डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या इस्पितळाचा शिक्का डोळ्यांपुढे आला आणि मी शिपाईकाकांकडून जुनी फिरती फाईल मागवली. घे. बघ."

साधं अर्ध्या पानाचं पत्र होतं, चार आठवड्यांपूर्वीचं. 'स्कॅन स्वीकारणाऱ्या आमच्या यंत्राचा पत्ता बदलला आहे. जुना पत्ता या महिन्याअखेर बंद होईल. कृपया खालील आकडे भरून घ्यावेत.' महिना रविवारी संपला होता. त्यानंतर त्या इस्पितळाला पाठवायचा पहिला स्कॅन अक्काच्या भावाचा.

पत्राच्या तळाशी 'पाहिले' असं छापलेलं होतं आणि पुढे चार सह्या. व्यवस्थापकांची. मोठ्या डॉक्टरांची. फोटोवाल्याची, लहान मुलासारखी गोल.

चौथी तिची होती.

तिने कागद उजेडाकडे धरला. सहीच्या शेपटाला तिचा नेहमीचा झटका होता, फोन खांद्यात धरून केल्यावर बसतो तसा. तारीख बारा. बारा तारखेला ती काय करत होती हे तिला काही केल्या आठवेना. अशा किती तारखा होत्या!

"पहिल्या तिघांना त्या आकड्यांतलं काही कळत नाही," व्यवस्थापक म्हणाले. ते चिडून बोलत नव्हते, हेच वाईट होतं. "कळणारी तू एकटी. समितीपुढे हा कागद गेला तर आम्हा तिघांना ताकीद मिळेल, माझी खुर्चीही जाईल कदाचित. पण पहिलं बोट तुझ्याकडे जाईल. फाडून टाक. प्रत एकच आहे."

घड्याळात साडेचार वाजले होते. नेटबाईला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि या वेळी तो कुणावर काढावा हे तिला कळेना. डॉक्टरांना तिने काय काय सुनावलं होतं! हजेरीपुस्तक म्हणे.

तिने पत्राची घडी घातली आणि मुठीत धरली.

"कुठे निघालीस?" व्यवस्थापकांनी विचारलं.

ती जिना उतरली.

६

धुलाईखान्यात चारही यंत्रं घरघरत होती. अक्का गरम चादरींच्या घड्या घालत होती. अहवाल खिडकीत ठेवलेला, त्यावर पेन.

नेटबाईने सगळं सांगितलं. आधी लाईनचं, मग पत्त्याचं, मग जिन्याखाली काढलेल्या चित्राचं. अक्का घड्या घालत राहिली. मग नेटबाईने घडी उलगडली आणि एकेक सहीवर बोट ठेवलं.

"ही व्यवस्थापकांची. ही मोठ्या डॉक्टरांची. ही फोटोवाल्याची."

"आणि ही खालची?"

"माझी."

अक्काने हातातली चादर खाली ठेवली. एक यंत्र फिरून थांबलं, तरी ती तिकडे गेली नाही.

"तुला ते आकडे कळतात ना?"

"कळतात. कळणारी मी एकटीच आहे."

"मग वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"वाचायला किती वेळ लागला असता?"

सबंध दिवस नेटबाई सेकंद मोजत होती. हा हिशोबही तिला लगेच आला. "अर्धं मिनिट, अक्का."

अक्काचा चेहरा आवळला. नेटबाईला वाटलं आता ही कानाखाली वाजवणार, आणि वाजवली असती तर तिने दुसरा गाल पुढे केला असता. पण अक्काने पत्र काढून घेतलं आणि ते आपल्या पोलक्यात खोचलं. मग खिडकीतला अहवाल उचलला, त्याची चौकोनी घडी घातली आणि मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकला.

"यांच्या कागदावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "पाच वाजता मी समितीपुढे जाऊन उभी राहणार. तू आता मला जे सांगितलंस ते सगळं लिही. तुझं नाव धरून."

"लिहिते. पण अक्का, मला माफ—"

"ते नको. ते माझ्याच्याने व्हायचं नाही, आज तर नाहीच." अक्काने घड्या घालायच्या टेबलावरच्या चादरी बाजूला सारल्या, पाठकोरा कागद ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं. तिचा हात चादरीइतकाच गरम होता.

नेटबाईने लिहिलं. पत्ते, वेळा, चौघांची कामं, चौघांच्या सह्या, आपली शेवटी. पान भरायला वीस मिनिटं लागली. शेवटच्या ओळीखाली सवयीने तिचा हात झटक्यात सहीकडे वळला.

अक्काने तिचं मनगट धरलं.

"थांब. आधी वाच."